मोड्युलर रेल्वे, कोकणी हवा: आमच्या जोडणीच्या नियमांबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आम्ही रत्नागिरी, लांजा, कणकवली, कुडाळ असे विखुरलेले सात-आठ हौशी. प्रत्येकाच्या घरी छोट्या रेल्वेचे दोन-तीन तुकडे आहेत. मे महिन्यात एकदा आणि गणपती आटोपले की एकदा, ते सगळे एखाद्या हॉलमध्ये आणून जोडतो आणि दिवसभर गाड्या चालवतो. नवीन माणूस आला की प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली.

मोड्युलर म्हणजे नेमकं काय?

पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय बघितलं असेल, तर तो मांडणीचा एक प्रकार: सगळी रेल्वे एका जागी, कायमची. आपल्याकडे तेवढी जागा कोणाच्या घरात नाही. असली तरी त्या खोलीत आंबे पिकत घातलेले असतात. म्हणून रेल्वेचे सुटे तुकडे करायचे. एकेका तुकड्याला मोड्यूल म्हणायचं. तो घरी माळ्यावर ठेवायचा आणि भेटीच्या दिवशी दुसऱ्याच्या तुकड्याला जोडायचा. एकट्याच्या घरात अडीच फूट धावणारी गाडी त्या दिवशी वीस मीटर धावते.

हौसेचं काम आहे, मग नियम कशाला?

नियम फक्त दोन टोकांचे आहेत. मधल्या भागात तुम्ही खाडी करा, काजूची बाग करा, नाहीतर नुसता सडा (जांभ्याचं उघडं पठार) ठेवा, आम्ही विचारणार नाही. दोन घरांमधला गडगा जसा असतो तसं हे: गडग्याची जागा दोघांना मान्य असली की आत कोण माड लावतो आणि कोण कलमं, यावरून भांडण होत नाही.

नियम लिहून काढले ते एका फजितीनंतर. पहिल्या भेटीत तोंडी ठरलं होतं की रूळ टोकाच्या फळीच्या मधोमध. मी गावच्या सुताराकडून फळ्या कापून घेतल्या. त्याचं सगळं गणित इंच आणि सुतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलिमीटरला थोडं कमी. मी सांगितलं २०० मिलिमीटर, त्याने टेप उलटी धरून वाचलं सात इंच साडेसहा सूत आणि पेन्सिलने रेघ मारली. १९७ नाही, २०० नाही, १९८ च्या आसपास. कुडाळच्या मित्राने मात्र मापात केलं होतं. जोडावर दोन मिलिमीटरची पायरी पडली आणि प्रत्येक डबा तिथे येऊन जमिनीवर. दार-खिडकीत दोन मिलिमीटर कोणाला दिसत नाहीत. इथे रुळांमधलं सगळं अंतरच साडेसोळा मिलिमीटर आहे.

तेव्हापासून टोकाच्या फळ्यांचं माप स्टीलच्या पट्टीने आणि मिलिमीटरमध्येच. सुताराला कागद कापून द्या, आकडा सांगू नका.

बाहेरच्या देशांत तयार नियम आहेत. तेच का नाही घेतले?

बरंचसं तिथूनच उचललंय. अमेरिकेत १९७३ साली एनट्रॅक सुरू झालं. एन नावाच्या छोट्या प्रमाणात, रुळांमधलं अंतर ९ मिलिमीटर, मोड्यूलच्या पुढच्या कडेला समांतर तीन मार्ग. तिघांना एकाच वेळी गोल-गोल गाड्या चालवायला मजा येते, पण कोकणातली गाडी एका मार्गावर समोरच्या गाडीची वाट बघत उभी असते, आणि आम्हाला तेच करायचं होतं. फ्री-मो हा तिकडचाच नंतरचा प्रकार: एचओ प्रमाण (खऱ्याच्या ८७ पट लहान), एकच मार्ग, तो टोकाच्या फळीच्या बरोबर मध्यावर, त्यामुळे मोड्यूल कसंही फिरवून जोडता येतं. युरोपात १९८१ पासून चालत आलेल्या फ्रेमोची विचारसरणीही हीच. त्यांच्या एचओ मांडणीत रूळ जमिनीपासून १३०० मिलिमीटरवर असतात, फ्री-मोत ५० इंचावर, म्हणजे १२७० वर.

एवढ्या उंचीवर दहा वर्षांच्या मुलाला फक्त फळीची खालची बाजू दिसते. आमच्या भेटीला निम्मी गर्दी मुलांचीच, म्हणून उंची ११०० केली. पाय सुटे असतात. उद्या कोणी परदेशी पाहुणा मोड्यूल घेऊन आला तर लांब पाय लावू.

प्रमाण कोणतं? आपली ब्रॉडगेज त्यात बसते का?

एचओ, म्हणजे १:८७. आणि नाही, बसत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर कोणीतरी कॅलिपर घेऊन येतं. एचओचा रूळ १६.५ मिलिमीटरचा आहे, कारण युरोप-अमेरिकेतलं अंतर १४३५ मिलिमीटर. आपली ब्रॉडगेज १६७६. तिला ८७ ने भागलं तर सव्वाएकोणीस मिलिमीटर येतात. १६.५ च्या रुळावर ब्रॉडगेज अगदी खरी दिसायला प्रमाण १:१०१.६ घ्यावं लागेल. त्या प्रमाणात ना इंजिनं मिळतात ना माणसं. स्वतः सव्वाएकोणीसचे रूळ आणि आस घडवणारी जिद्दी माणसं असतात, त्यांना नमस्कार. पण त्यांची गाडी दुसऱ्याच्या मोड्यूलवर जात नाही, आणि इथे सगळा खटाटोप त्यासाठीच आहे.

टोकाची मापं एका जागी सांगाल का?

फळी ४०० मिलिमीटर रुंद, १५० उंच. रुळांचा मध्य दोन्ही कडांपासून २००. रुळाचा माथा फळीच्या वरच्या कडेपासून १० मिलिमीटर वर, म्हणजे ५ मिलिमीटर कॉर्क आणि त्यावर ट्रॅक. रूळ टोकाला काटकोनात आणि शेवटचे १०० मिलिमीटर सरळ, सपाट. जमिनीपासून रुळाचा माथा ११०० आणि प्रत्येक पायाला तळाशी २५ मिलिमीटर वर-खाली होणारा बोल्ट, कारण कोणत्याही हॉलची फरशी एका पातळीत नसते. पाणसळ सोबत आणा.

जोडायला फळीत दोन भोकं. भोक १२ मिलिमीटरचं आणि बोल्ट ८ चा. हा खेळ मुद्दाम ठेवलाय. नवशिके आधी फळ्या जुळवून नट आवळतात आणि मग रूळ जुळत नाहीत म्हणून वैतागतात. आधी बोटाने रूळ जुळवा, नट नंतर. फळीच्या कडा खालीवर झाल्या तरी चालतील.

रुळाची उंची कोड १०० की कोड ८३, यावरून वाद घालू नका. एक २.५४ मिलिमीटर, दुसरा २.११. फरक अर्ध्या मिलिमीटरच्याही आतला आहे. ८३ वाल्याने टोकाशी ट्रॅकखाली जाड कागद सारावा. माथा जुळल्याशी मतलब.

लांबी ९०० मिलिमीटरच का?

लांबी मोकळी आहे, पण बहुतेकांनी ९०० धरली, त्याला कारण आहे. रेल्वेच्या डब्यात सोबत न्यायच्या सामानाची कमाल मापं १०० बाय ६० बाय २५ सेंटिमीटर आहेत. ९० बाय ४० चं मोड्यूल त्यात बसतं, वर दहा सेंटिमीटरचा डोंगरही बसतो. शिवाय ते टमटममध्ये मागच्या सीटवर आडवं राहतं. १२०० चं बसत नाही. मी प्रयत्न केलाय, पाली ते हातखंबा, एक बाजू बाहेर आणि एक हात त्यावर धरून.

लाकूड कोणतं? माझ्याकडे फणसाच्या फळ्या पडून आहेत.

पडून राहू द्या, देवघराला उपयोगी येतील. भरीव लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि मे महिन्यात आकसतं, तेही रुंदीत. ४०० मिलिमीटर रुंदीची भरीव फळी तुमचा रुळाचा मध्य वर्षभर हलवत राहील. एमडीएफ तर आणूच नका. कडेने एकदा पाणी प्यायलं की त्याचा टोस्ट होतो.

१२ मिलिमीटर मरीन प्लाय, आयएस ७१० शिक्का असलेलं. बोटींची कामं चालतात तिथे चौकशी केली तर उरलेले तुकडेही मिळतात. ८ बाय ४ फुटांच्या एका शीटमध्ये नीट आखणी केली तर तीन मोड्यूलच्या चौकटी आरामात निघतात. वरचा पृष्ठभाग प्लायचा करायची गरज नाही. चौकटीत आडवे दांडे टाकून त्यावर इन्सुलेशनचा कडक फोम बसवा, वजन निम्मं होतं.

आता खरं काम. प्लायच्या सगळ्या बाजू सील करा. सगळ्या म्हणजे खालची बाजू, आतली बाजू, कापलेली कड आणि भोकाची आतली भिंतसुद्धा. लोक वरून दोन हात रंग देतात आणि खालून कोरं ठेवतात. मग आषाढात खालची बाजू ओल पिते, वरची पीत नाही, आणि मोड्यूल पापडासारखं वळतं. दोन्हीकडे सारखे हात द्या. रंग कोणता याने फार फरक पडत नाही.

वाळवीसाठी पायांना तळाशी लोखंडी बोल्ट आहेतच, पण भिंतीला टेकवून ठेवू नका.

जोडावर रूळ कसे संपवायचे?

एनट्रॅकमध्ये दोन मोड्यूलच्या मधे एक सुटा छोटा ट्रॅक टाकतात. चूक लपवायला तो बरा आहे, पण दर जोडाला चार ठिकाणी रूळजोड, आणि दमट हवेत प्रत्येक रूळजोड म्हणजे उद्याची तक्रार. आम्ही रूळ फळीच्या कडेलाच संपवतो, समोरासमोर. त्यासाठी शेवटचे रूळ पक्के हवेत. प्लॅस्टिकचे शेवटचे चार-पाच स्लीपर काढून तिथे तांब्याचा थर असलेल्या पीसीबीच्या (सर्किट बोर्डाच्या) पट्ट्या फळीला चिकटवा आणि रूळ त्यांना सोल्डर करा. मग शर्टाची बाही अडकली तरी रूळ उचकटत नाही.

पट्टीच्या मध्ये तांब्यावर करवतीने चीर मारायला विसरू नका. दोन्ही रूळ एकाच तांब्यावर सोल्डर झाले की शॉर्ट. मी पाचपैकी चार पट्ट्यांना चिरा मारल्या होत्या आणि दोष शोधायला पाऊण दिवस गेला.

वायरिंगचं काय? मोड्यूल उलटं लावलं तर प्लस-मायनस बदलणार नाही का?

गाड्या डीसीसीवर चालतात, म्हणजे सगळ्या रुळांवर सतत १४ ते १६ व्होल्टचा एकच पुरवठा आणि प्रत्येक इंजिनाला त्याच्या क्रमांकाने हुकूम. एका मार्गावर दोन इंजिनं वेगवेगळी चालवता येतात. मोड्यूलखाली २.५ चौरस मिलिमीटरच्या दोन तारा या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला त्यांच्यापासून स्वतंत्र बारीक तार. रूळजोडाच्या भरवशावर वीज सोडू नका.

उलटं लावण्याचा प्रश्न साध्या बनाना प्लगने सुटतो. मोड्यूलच्या टोकासमोर उभे राहा. उजव्या हाताच्या रुळाच्या तारेला प्लग, डाव्या हाताच्या रुळाच्या तारेला सॉकेट. दुसऱ्या टोकाला जाऊन पुन्हा तसंच. आता दोन मोड्यूल समोरासमोर आणा: याचा उजवा रूळ त्याच्या डाव्याला भिडतो, आणि याचा प्लग त्याच्या सॉकेटला. कसंही फिरवा, चुकीचं लागतच नाही. रंग बघायचीही गरज नाही, जे बरंय, कारण आमच्यातला एकजण लाल-हिरव्यात घोळ करतो.

जोडणी झाली की रुपयाचं नाणं घेऊन प्रत्येक मोड्यूलवर दोन्ही रुळांवर आडवं ठेवायचं. बूस्टरने, म्हणजे रुळांना वीज पुरवणाऱ्या खोक्याने, ताबडतोब वीज तोडली पाहिजे. नाही तोडली तर तुमची तार बारीक आहे किंवा सोल्डर कच्चं आहे, आणि गाडी घसरेल तेव्हा तिथे प्लॅस्टिक वितळेल. घरची २३० व्होल्टची वीज मोड्यूलखाली आणायची नाही, अगदी गावातल्या दिव्यांसाठीसुद्धा.

वळण आणि चढ किती?

खऱ्या कोकण रेल्वेत वळणाची त्रिज्या किमान १२५० मीटर आणि चढ जास्तीत जास्त दीडशेला एक. एचओमध्ये ती त्रिज्या होते १४ मीटरपेक्षा जास्त. म्हणजे आपल्या हॉलमध्ये कोकण रेल्वे सरळच जाईल आणि भिंत फोडून बाहेर पडेल. तडजोड करायलाच हवी. आमची किमान त्रिज्या ९०० मिलिमीटर. एलएचबी डबा (हल्लीच्या गाड्यांचा लांब डबा) एचओमध्ये साधारण २७६ मिलिमीटर लांब, त्याच्या तिपटीहून थोडी जास्त. खोक्यातून मिळणारी छोटी वळणं मुख्य मार्गावर चालणार नाहीत. इंजिन जाईल, डबे आतल्या बाजूला ओढले जातील.

चढ हवा असेल तर पन्नासला एक पुरे, पण दोन्ही टोकं ११०० वर आली पाहिजेत. दीडशेला एक ठेवलात तर ९०० च्या मोड्यूलमध्ये ६ मिलिमीटर चढ. डोळ्याला कळतही नाही, आणि खऱ्या मार्गावरही तो असाच कळत नाही.

बोगद्याचं तोंड किती रुंद?

आतून ६५ मिलिमीटर, रुळाच्या माथ्यापासून ८५ उंच. वर विजेची तार दाखवायची असली तरी पुरतं. हा सरळ मार्गाचा आकडा. ९०० त्रिज्येच्या वळणावर लांब डब्याचा मधला भाग ४ मिलिमीटर आत सरकतो आणि टोक ६ मिलिमीटर बाहेर येतं, म्हणून वळणावर ८० ठेवा. आणि बोगद्याचं छप्पर उचलता येईल असं करा. गाडी बरोबर तिथेच घसरते. उक्षी आणि भोके यांच्या मधला साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा प्रमाणात केला तर ७५ मीटर होईल. प्रेक्षक गाडी आत गेलेली बघून चहा पिऊन येतील.

जमिनीसाठी खरी जांभ्याची माती आणि किनाऱ्यावरची वाळू वापरू का?

माती जरूर. जांभ्याच्या चिऱ्याचा भुगा वस्त्रगाळ करून फेव्हिकॉलच्या पाण्याने बसवला की त्या रंगाला बाजारातल्या कुठल्याही पावडरीची सर येत नाही. आधी पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक त्यातून दोन-तीनदा फिरवा.

वाळूचं मात्र जपून. रत्नागिरीच्या आजूबाजूच्या किनाऱ्यांवर काळी वाळू आहे, तिच्यात इल्मेनाइट असतं आणि चुंबकाला चिकटणारे कणही. हौसेने मी ती रुळांमधली खडी म्हणून टाकली. काळी, बारीक, फोटोत झकास. तीन महिन्यांनी इंजिन कुरकुरायला लागलं. उघडलं तर मोटरच्या चुंबकावर काळी मिशी उगवलेली. ती ब्रशने निघेना, शेवटी चिकणमातीच्या गोळीने एकेक कण टिपला. वर त्या वाळूत मीठ असतं, ते हवेतली ओल ओढतं आणि रुळांच्या सोल्डरवर हिरवट थर चढतो. किनाऱ्याचं दृश्य करायचं असेल तर पांढरी वाळू चार पाण्यांनी धुऊन, वाळवून, चुंबक फिरवून वापरा, आणि रुळापासून लांब.

डोंगरासाठी कागदाचा लगदा आणि गव्हाची खळ असली घरगुती युक्ती कोणी सुचवेल. आमच्याकडे एकाने केली होती. श्रावणात डोंगर खरोखरच हिरवा झाला आणि भाद्रपदात झुरळांनी खाल्ला.

एकाचं मोड्यूल हिरवंगार आणि शेजारचं मे महिन्यातलं. विचित्र नाही दिसत?

दिसतं. म्हणून टोकाकडचे ५० मिलिमीटर सगळ्यांनी लाल माती आणि पिवळं गवत ठेवायचं. शिमग्यापासून पहिल्या पावसापर्यंत सडा तसाच असतो. उरलेल्या ८०० मिलिमीटरमध्ये तुमची भातलावणी चालू द्या.

पानवलचा पूल करता येईल का?

एकाने करायला घेतलाय. रत्नागिरी आणि निवसर यांच्या मधला हा पूल ६४ मीटर उंच आणि ४२४ मीटर लांब. एचओमध्ये ७३५ मिलिमीटर उंच आणि पावणेपाच मीटरपेक्षा थोडा जास्त लांब, म्हणजे आमच्या मापाची साडेपाच मोड्यूल. रूळ ११०० वर असल्याने दरीचा तळ जमिनीपासून फूट-सव्वाफुटावर येतो. म्हणून त्या मोड्यूलांना चौकट खाली आहे आणि फक्त टोकाच्या फळ्या वर उचलल्यात. तो माणूस तीन वर्षं खांबच करतोय. बाकी कोणी त्याला घाई करत नाही, कारण पूर्ण झाला तर तो आणायला टेम्पो कोण करणार हे ठरलेलं नाही.

स्टेशन करायचं असेल तर?

क्रॉसिंग लूप, म्हणजे समोरची गाडी जाईपर्यंत थांबायचा बाजूचा मार्ग, असलेलंच करा, नुसता फलाट नको. आमची ठरलेली गाडी एक डब्ल्यूएपी-७ विजेचं इंजिन आणि पाच डबे: २३६ अधिक पाच वेळा २७६, सोळाशे मिलिमीटरच्या थोडं वर. म्हणून लूपमध्ये दोन सांध्यांच्या (गाडीचा मार्ग बदलणाऱ्या फाट्यांच्या) मधे मोकळी जागा १८०० हवी. सांधे धरून तीन-चार मोड्यूल लागतात, म्हणून दोघांनी मिळून करा. खरी चोवीस डब्यांची गाडी जवळपास सात मीटर मागते. स्टेशनमास्तर म्हणून बसणाऱ्याने समोरच्या स्टेशनला विचारल्याशिवाय गाडी सोडायची नाही. गाडी क्रॉसिंगला अडकली की चिडणारे प्रवासी आमच्याकडे नाहीत, तेवढीच एक सोय.

रोहा ते वीर दुहेरी झालंय. दुहेरी मार्गाचं मोड्यूल चालेल?

मधे करा. टोकाला एकच.

डबे कोणाचेही चालतात का?

चाकं धातूची आणि वजन पुरेसं असेल तर. एनएमआरए या अमेरिकन हौशींच्या संघटनेचा ठोकताळा वापरतो: एक औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. एलएचबी डब्याला १८० ग्रॅमच्या आसपास. हलका डबा आमच्या जोडांवर उडतो, त्यात जोडांचीही चूक असते हे मान्य.

भेट चालू असताना वीज गेली तर?

जातेच. डीसीसीचा संच इन्व्हर्टरवर ठेवतो. पण वीज परत येताना जो झटका येतो तो जास्त वाईट, म्हणून दिवे गेले की आधी संचाचा प्लग काढायचा, मग मोबाइलचा टॉर्च लावायचा.

पावसाळ्यात मोड्यूल कुठे ठेवायचं?

दोन मोड्यूल तोंडाला तोंड लावून, टोकांना प्लायचे दोन चौकोन बोल्टने आवळून पेटी करा. देखावा आत राहतो आणि उंदरांना वाट मिळत नाही. पेटी माळ्यावर, पण कौलांखाली थेट नाही, आणि चुलीच्या धुराच्या बाजूला तर नाहीच. आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, गणपतीच्या आधी तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा टाका. रूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुनं धोतर. पॉलिश पेपर लावू नका, त्याने पडलेल्या चऱ्यांत काळपट थर दुप्पट वेगाने बसतो. आणि पेटीवर कोणती बाजू वर ते मोठ्या अक्षरात लिहा. घरातली माणसं तिच्यावर पापडाचे डबे ठेवतात, त्याला आमच्याकडे अजून नियम सापडलेला नाही.